अर्ध्या देवासचे छायाचित्रकार

अर्ध्या देवासचा एवढा मोठा छायाचित्रकार आजवर झाला नाही आणि पुढेही होणार नाही, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. 'अर्ध्या' हा शब्द विनयाने घातलेला नाही. वस्तुस्थितीच तशी आहे. हे गृहस्थ म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पुण्याकडे अशा नात्याला सरसकट काका म्हणून मोकळे होतात. आमच्या माळव्यात ते मावसाजी. संस्थानी काळात देवासला एकाच वेळी दोन राजे होते, एक थोरल्या पातीचे, एक धाकट्या पातीचे, आणि दोन्ही राज्यांची हद्द भर बाजारातल्या रस्त्यावरून जायची. मावसाजींचे आजोबा थोरल्या पातीचे अंमलदार. पुढे संस्थानं विलीन झाली, राजे गेले, पण ती बातमी मावसाजींच्या कॅमेऱ्यापर्यंत काही पोहोचली नाही. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता त्यांनी उभी हयात बदलत्या गावाचे फोटो काढले आणि ते सगळे रस्त्याच्या एकाच बाजूचे. "दुसरी बाजू धाकट्या पातीवाल्यांनी काढावी," ते म्हणत. "आपण परक्या हद्दीत ढवळाढवळ करत नाही."

आता या बाजूचा फोटो काढायचा तर त्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं. त्यामुळे मावसाजींचं निम्मं आयुष्य परक्या हद्दीतच गेलं. दुपार कलली की ते रस्ता ओलांडत, धाकट्या पातीच्या पायऱ्यांवर पाय रोवत, त्यांचाच चहा पीत आणि त्यांच्याकडे पाठ करून आपली थोरली बाजू टिपत. मध्ये एखादी स्कूटर आली तर हात वर करून ओरडत, "ओ भिया, जरा रुको, इतिहास हो रहा है!" आणि गंमत म्हणजे लोक खरंच थांबत. कौलं जाऊन स्लॅब आली, ओट्यांची दुकानं झाली, दुकानांना काचा बसल्या, आणि हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात अगदी सावकाश, झोपेत कूस बदलल्यासारखं घडत गेलं.

त्यांची कामाची तऱ्हा और होती. फोटो काळा-पांढरा छापून घ्यायचा आणि त्यातून जे नाहीसं झालं असेल ते जलरंगात वर काढायचं. रंग फक्त गेलेल्या वस्तूंना. एका मोबाईलवाल्याने हौसेने आपल्या दुकानाचा फोटो मागितला. हातात आला तेव्हा दुकानाच्या जागी हलवायाचा निळा दरवाजा आणि उंबऱ्यावर झोपलेलं पिवळं कुत्रं. "भिया, इसमें मेरी दुकान कहाँ है?" तो कळवळून म्हणाला. "दुकान तो तुम रोज देखते हो," मावसाजी शांतपणे म्हणाले, "कुत्ते को कौन देखेगा?" तो फोटो त्याने अजून गल्ल्यामागे लावून ठेवला आहे.

या सगळ्यात एकच अडचण होती. मावशी धाकट्या पातीची. तिचं माहेर, म्हणजे माझं आजोळ, अगदी समोर. माझ्या आईला धारला दिली, मावशीला रस्त्यापलीकडे. दूध गॅसवर ठेवून ती माहेरी जाऊन येई. मावसाजी फोटोसाठी ज्या पायऱ्यांवर उभे राहत त्या तिच्याच घराच्या आणि तो चहाही तिथलाच. "अहो, एक फोटो आमच्या घराचाही खींचा की," ती इतकी वर्षं म्हणत आली. मावसाजी हद्दीचं कारण सांगत आणि ती हसून सोडून देई. पण रस्ता चौडीकरणात पाडायच्या घरांची लाल निशाणं पलीकडच्या भिंतींवर उमटली तेव्हा तिने हसणं सोडलं. मावसाजी विरघळले. म्हणाले, धारची मुंज आटपून येऊ, मग काढतो. मुंज आमच्याच घरची. परत गेले तेव्हा समोर घर नव्हतं. नुसतं मोकळं आभाळ, आणि त्यात आजवर खिडकीतून कधी न दिसलेली माताजीची टेकडी.

मग मावसाजींनी ते घर आठवून रंगवायला घेतलं. पण ज्या घराकडे जन्मभर पाठ केली ते आठवणार कसं? खिडक्या भलतीकडे जात. "हे तर इंदूरचं एखादं लॉज वाटून राहिलंय," मावशी म्हणाली आणि आत निघून गेली. त्यांनी ब्रश धुऊन ठेवले. कॅमेराही खुंटीला टांगला तो टांगलाच.

गेल्या थंडीत मी देवासला गेलो तेव्हा मावसाजी जुने बाद फोटो फाडायला बसले होते. ऊन फार उतरल्यावर काढलेले, म्हणून बिघडलेले. मावशी तांदूळ निवडत शेजारी होती. तिने सहज एक उचलला, चष्मा वर केला आणि तिचा हात थांबला. फोटोत थोरली बाजू होती, पण अर्ध्याहून अधिक जागा रस्त्याने व्यापली होती आणि त्या रस्त्यावर मावसाजींच्या पाठीमागच्या घराची लांबच लांब सावली पडली होती. "हा आमचा कठडा," ती बोट फिरवत म्हणाली. "हे माळवदावरचं धुराडं." मग सावलीच्या पार टोकाला तिचं बोट थबकलं. तिथे एक छोटी आकृती होती, मान एका बाजूला कललेली, केस मोकळे सोडलेले. "ही तुझी आई रे. न्हाऊन केस वाळवून राहिलीय."

आई जाऊनही आता बराच काळ लोटला. ती मला रस्त्यावर पडलेली, उन्हातली, लग्नाआधीची अशी भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

मावसाजींनी फोटो खिडकीशी नेला आणि पुष्कळ वेळ पाहिला. "मी तिथेच उभा होतो," ते म्हणाले. "नुसती मान वळवायची होती."

मावशी रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर त्यांनाही बरं वाटलं असतं. पण तिने तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि जरा सरकून त्यांना शेजारी बसायला जागा करून दिली.