मामाने झाकलेला तीळ

आमचा मामा जन्मभर लोकांची तोंडं रंगवत आला. नाटकाचा मेकअपमन. राजा असो, भिकारी असो, नाहीतर तिसऱ्या अंकात मरणारी सून असो, सगळे त्याच्या खुर्चीत बसून जायचे. नट कितीही मोठा असला तरी त्याची हनुवटी दोन बोटांत धरून मामा म्हणायचा, "तोंड मिटा आणि गप बसा." माझ्याशीही तो असाच बोलतो. मी त्याची भाची. तो माझ्याकडे राहतो की मी त्याच्याकडे, यावर आमचं रोज वाजतं.

पण भांडणाचं खरं कारण एकच, बाहेरच्या खोलीतला आईचा फोटो. माझी आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, कॅन्सरने गेली. औषधांनी तिचे केस गेले, मग भुवयाही गेल्या. मामा रोज सकाळी चहाच्या आधी पेन्सिल घेऊन तिच्या भुवया काढायचा. आई आरशात बघून म्हणायची, "चला, आता कुणीही येऊ दे." एवढंसं काम, पण तेवढ्यावर बाईचा दिवस निघायचा.

ती गेल्यावर मामाने तिचा जुना फोटो मोठा करायला टाकला आणि स्टुडिओवाल्याच्या डोक्यावर बसून तिच्या हनुवटीवरचा तीळ काढून घेतला. चांगला मसुराएवढा तीळ होता. चेहऱ्यावर काही दिसलं की आधी ते झाकायचं, ही त्याची जन्माची सवय. फोटो भिंतीवर चढला त्याच दिवशी मी तोंडावर सांगितलं, "ही माझी आई नाही."

"तुला काय कळतंय? किती छान दिसतेय बघ."

छान दिसत होती, नाही कोण म्हणतंय? पण लहानपणी मी तिच्या मांडीवर पडून तो तीळ बोटाने दाबायचे आणि ती दर वेळी "ट्रिंग" म्हणायची. स्वयंपाकाच्या घाईत असली तरी म्हणायची. ते आता कुठे दाबू? मी त्या फोटोकडे बघणंच सोडून दिलं. मामा मात्र रोज काच लखलखीत पुसायचा.

पुढे एक दिवस त्याने मेकअपची पेटी उचलली आणि थेट हॉस्पिटल गाठलं, आईला औषध चढायचं त्याच वॉर्डात. म्हणे, "तिच्या भुवया काढायचो, आता तिच्या नावाने बाकीच्यांच्या काढतो." पहिल्याच दिवशी त्याने एका म्हाताऱ्या बाईंच्या भुवया काढल्या त्या नाटकातल्यासारख्या, थिएटरच्या शेवटच्या रांगेतून दिसतील अशा. दुसरं त्याला येतच नव्हतं. बाईंनी आरसा बघितला आणि म्हणाल्या, "अहो, मी बरी व्हायला आलेय, दरोडा घालायला नाही!" अख्खा वॉर्ड हसला. सलाईन लावलेले लोक पोट धरून हसत होते. मामा दोन दिवस घरात फुगून बसला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तिथे शेवटची रांगच नाही गं. सगळे हातभर अंतरावरून बघतात." मग त्याने हात हलका केला. सिस्टरांनी दम दिला तसा प्रत्येकाची पेन्सिलही वेगळी ठेवू लागला, डबीत, पलंगाचा नंबर चिकटवून. थोड्याच दिवसांत तो सगळ्या वॉर्डाचा मामा झाला.

त्याचा गुडघा दुखतो म्हणून पेटी मी न्यायची. आत मात्र मी जात नसे. दारातल्या बाकावर पाठ करून बसायचे; आतलं काय ते कानावर पडेल तेवढं आणि नंतर मामा सांगेल तेवढं. आई बसायची ती निळी खुर्ची, तो सलाईनचा स्टँड, मला बघवायचं नाही. सरळ सांगते, भीती वाटायची.

त्या वॉर्डात एक कंडक्टर बाई आली. बसमध्ये दोन्ही दारांपर्यंत ऐकू जाईल असा तिचा आवाज. आता आवाज तेवढा उरला होता, बाकी पार वाळून गेली होती. तिची लेक चार वर्षांची. मागच्या रविवारी बापाबरोबर आली आणि आईचं ते बिनभुवयांचं तोंड बघून बापाच्या पायामागे लपली, ती घरी जायची वेळ झाली तरी बाहेर आलीच नाही. कंडक्टर बाई मामाला म्हणाली, "मामा, या रविवारी ती परत येणार आहे. या खेपेला तरी माझ्या कुशीत आली पाहिजे. नाही आली ना, तर ही सुई काढून फेकून देईन मी, सांगून ठेवते."

"काहीतरीच काय बोलतेस!" मामा ओरडला. पण घाबरला होता. घरी येऊन नीट जेवलासुद्धा नाही.

रविवारी त्याने तिचं बसचं ओळखपत्र समोर ठेवलं आणि त्यातल्या फोटोबरहुकूम काम सुरू केलं. फोटोत डाव्या भुवईत एक फट होती, लहानपणी पडल्याची. मामा तो मामाच! त्याने खालचा व्रण पावडरीने बुजवला आणि भुवई एकसंध काढून दिली. बाईने आरसा घेतला आणि खुलली. "अगोबाई, ती मेली फट गेली! लग्नातसुद्धा एवढी चांगली दिसले नव्हते." डोक्याला रुमाल बांधून, ओठांना थोडा रंग लावून ती ताठ बसली.

लेक आली. दारातच थांबली. बापाने हळूच पुढे केलं तशी दोन पावलं गेली, वर बघितलं आणि मान हलवली.

"ही नाही. ही माझी आई नाही."

माझ्या बाकावर मला ते ऐकू आलं. तेच शब्द. मी वळले तर कंडक्टर बाईच्या चेहऱ्यावर सगळा रंग असूनसुद्धा ती पांढरी पडली होती, आणि मामा हातात पेन्सिल घेऊन नुसता उभा. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काय आठवलं ते मला कळलं.

मी कशी आत गेले माहीत नाही. गेले, आणि त्या पोरीसमोर उकिडवी बसले. "मग तुझी आई कशी आहे गं? मला सांग, आपण शोधू."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "इथे रस्ता आहे. झोपताना इथून बस जाते."

"मामा," मी म्हणाले, "ते झाकलंय ते काढ."

एरवी मामाला मी काही शिकवलेलं खपत नाही. त्या दिवशी त्याने निमूट कापूस भिजवला, बाईची हनुवटी दोन बोटांत धरली आणि भुवईचा मधला भाग पुसला. पावडर गेली. खाली तो व्रण होता तसा होता, तिरपा, पांढरा. त्याच्या दोन्ही बाजूंना मामाने पेन्सिलीचे बारीक केस काढले आणि मध्ये मोकळं सोडलं.

पोर पलंगाजवळ सरकली. टाचा उंचावून तिने बोट वर नेलं आणि त्या फटीतून हळूच पलीकडे सरकवलं.

"पुढे सरका, पुढे सरका!" कंडक्टर बाई ओरडली, अगदी बसमधल्या आवाजात. "आत भरपूर जागा आहे!"

पोर खिदळली आणि चढलीच तिच्या अंगावर. सिस्टर सलाईनची नळी सांभाळायला धावल्या. बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला रडू आवरेना आणि मामा मलाच दटावत होता, "गप गं, लोक बघतायत," स्वतःचं नाक पुसत.

आम्ही घरी आलो. मामा चप्पल काढून सरळ बाहेरच्या खोलीत गेला, स्टूल ओढलं आणि दुखऱ्या गुडघ्यासकट त्यावर चढला. मी म्हटलं, "अरे, पडशील!" त्याने ऐकलं नाही. खिशातून पेन्सिल काढली, आईच्या फोटोच्या काचेवर टेकवली, आणि तिथेच थांबला.

"नीट बघ हं, इथेच ना?"

"जरा खाली."

त्याने तीळ काढला. मसुराएवढा. मी कितीतरी दिवसांनी आईकडे बघितलं. मग जवळ गेले, हात वर केला आणि बोटाने तो दाबला.

"पुसशील गं!" मामा ओरडला.

पुसला गेलाच. मामाने कुरकुरत पुन्हा काढला.