सप्रेसरची शिफारस मी केली होती

माझी पोस्टिंग ऑर्डर दोन ओळींची होती. आर्मीच्या वर्कशॉपमधून मला तीन महिन्यांसाठी डोंगरातल्या एका इन्फन्ट्री बटालियनशी जोडलं होतं. काम होतं रायफलच्या सप्रेसरची चाचणी. सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारं वीतभर लांबीचं धातूचं नळकांडं. जवान त्याला सायलेन्सर म्हणतात. त्याने गोळीचा आवाज बंद होत नाही, कमी होतो. शिवाय तो नेमका कुठून आला हे लांबच्या माणसाला कळत नाही.

बटालियन मराठी जवानांची होती. मी अबुधाबीत वाढलेली. घरी आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. पहिल्या दिवशी रोल कॉलनंतर मी जेमतेम चार वाक्यं बोलले. बटालियनचा सगळ्यात चांगला नेमबाज नाईक अनंत गुरव नंतर म्हणाला, "मॅडम, तुमचं मराठी इस्त्री केलेलं आहे. कुठे सुरकुती नाही."

मला हसू आलं, पण मी हसले नाही. नव्या ऑफिसरने हसू नये असं मला तेव्हा वाटायचं.

त्याचा मोठा भाऊ दत्ताराम अबुधाबीतच, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत, फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डर होता. तुमच्या शेजारीच राहत असेल, असं गुरव म्हणाला. मी मुसफ्फा फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. तसं त्याला सांगितलं नाही.

रोज सकाळी सहाला रेंज. तीन नमुने होते. पहिला हलका, पण एकाच रायफलला बसणारा. दुसरा इतका तापायचा की दुर्बिणीपुढची हवा थरथरायला लागायची. तिसरा जड आणि महाग. मात्र तो मोठ्या कॅलिबरचा, म्हणजे जाड गोळीसाठीचा, असल्यामुळे जोडणीचा माउंट बदलून लहान कॅलिबरच्या रायफलवरही चालायचा, आणि काढून पुन्हा बसवला तरी नेम हलत नव्हता. मी वजन, तापमान आणि डेसिबल लिहून घ्यायचे.

गुरवची स्वतःची वेगळी चाचणी होती. पाच राउंड झाले की तो नेमबाजाच्या मागे दहा पावलांवर उभा राहायचा आणि साध्या आवाजात एका गावाचं नाव घ्यायचा. नेमबाजाने ते परत सांगायचं. पहिल्या नमुन्याला निम्मी नावं चुकली. तिसऱ्याला एकच चुकलं. ते त्या जवानाच्या सासरवाडीचं होतं, ते धरू नका, असं गुरवने मला गंभीरपणे सांगितलं.

हे कशासाठी, मी विचारलं.

"दुश्मनाला ऐकू जाऊ नये हे ठीक आहे, मॅडम. पण आपल्याला आपला माणूस ऐकू आला पाहिजे."

मी ते वाक्य इंग्रजी करून अहवालात घातलं आणि तिसऱ्याची शिफारस केली. चाचणी बोर्डाचे अध्यक्ष किंमत पाहून थबकले. दोन रायफलींचं काम एकात होतं, म्हणून तो महाग नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं. आवाजाची दिशा आपल्याच दुसऱ्या पार्टीला, म्हणजे तुकडीलाही, कळणार नाही, हे मी लिहिलं नाही. मला ते सुचलंच नाही.

चार सप्रेसर प्रत्यक्ष वापरासाठी गुरवच्या सेक्शनला मिळाले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांची पार्टी नाल्यावरच्या उतारावर लपलेल्या दुश्मनासाठी सर्च करत होती. दुसरी पार्टी डोंगराच्या धारेपलीकडे होती. मी बटालियनच्या ऑप्स रूममध्ये वायरलेसजवळ होते. १०४० वाजता धारेपलीकडच्या पार्टीचा सेट बोलला.

"फायर सुरू झालाय. आवाज कुठून येतोय कळत नाही. ओव्हर."

गुरवच्या पार्टीचा सेट लागत नव्हता. पलीकडची पार्टी आधी चुकीच्या नाल्यात उतरली. सहा मिनिटांनी परत फिरली. १०५२ ला निरोप आला. एक जवान सिरियस, नाईक गुरव. १११५ ला हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा तो राहिला नव्हता.

त्याच्या शेजारच्या दोन जवानांनी नंतर सांगितलं. गोळी लागल्यावर गुरवला ओरडता येत नव्हतं. तो हळू म्हणाला, "दुसरा डावीकडे, झाडामागे." दोघे फायर करत होते, तरी दोघांना ते ऐकू आलं. दोघे वेळेत वळले. दोघे परत आले.

चौकशीत सहा मिनिटांचं कारण भूभाग असं लिहिलं गेलं.

पाच वर्षांची सेवा संपवून मी अबुधाबीला परतले. शूटिंग रेंजना साहित्य पुरवणाऱ्या कंपनीत काम करते. गेल्या महिन्यात मॅनेजरने सांगितलं की सगळ्या रायफलींना चालेल आणि पैसे वसूल होतील असा एकच सप्रेसर सुचव. तक्ता तासाभरात तयार झाला. तोट्यांच्या रकान्यात मी पहिल्यांदाच ती ओळ लिहिली. आवाजाची दिशा कळत नाही, आपल्या माणसांनाही नाही. ती लिहिल्यावर मला मुसफ्फाला जाणं टाळता येईना. परतल्यापासून आठ महिने टाळलं होतं.

दत्ताराम जेवणाच्या सुट्टीत शॉपच्या मागे सावलीत भेटला. मी कोण ते सांगितलं. त्याने स्वतःची खुर्ची मला दिली आणि तो पाइपांच्या ढिगावर बसला. चहा झाल्यावर म्हणाला, "गावाला बोलतात, नवीन सायलेन्सर होता म्हणून मदत उशिरा पोचली. खरं आहे का?"

"हो. सहा मिनिटं. तो सायलेन्सर मी निवडला होता."

मी खाली बघितलं नाही. मग त्या दोन जवानांचं सांगितलं. ते कुठले, त्याने विचारलं. एक कराडकडचा, एक गडहिंग्लजचा. दुसऱ्याला यंदा मुलगी झाली, हेही सांगितलं.

"शेवटी आमच्यापैकी कुणाचं नाव घेतलं का त्याने?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. तेवढंच बोलला."

आतून फोरमनने "यल्ला, चला" अशी हाक मारली. दत्तारामने हात वर करून पाच मिनिटं मागितली. हातमोजे मांडीवर ठेवून तो ते सरळ करू लागला.

"त्याला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं, मॅडम. दोन वर्षं झाली होती. मेडिकलला कळलं तर ऑफिसात बसवतील म्हणून सांगायचा नाही कुणाला."

मला माहीत नव्हतं. रोज मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभी असायचे.

"रविवारी बाराला फोन लावायचो. एवढा ओरडायचो की खोलीतली माणसं वैतागून बाहेर जायची." तो उठला आणि हातमोजे चढवू लागला. "आता रविवारी सगळे खोलीतच असतात."