वरचा दात आणि मामा

माझ्या मुलीला पहिला दात वरचा आला आणि आमच्या अकोल्याच्या घरात कुजबुज सुरू झाली. वरचा दात आधी आला की तो मामाला जड, असं आमच्याकडे मानतात. उतारा म्हणून मामाने चांदीची वाटी आणून भाचीला त्यातून खीर भरवायची. माझा मोठा भाऊ दर्यापूरला शेती करतो. तो कापूस वेचणीत अडकला, आणि वाटी घेऊन आला तेव्हा मुलीचा पहिला वाढदिवस तोंडावर आला होता.

दात बघायला म्हणून त्याने तिचा ओठ वर केला, आणि खीर बाजूला ठेवून तिला खिडकीशी नेलं. "हिरडीजवळ हे पांढरी रेघ कायची हाय?"

"दुधाचे दात तं पडतेच," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी कोणी दवाखान्यात जाते का?"

मलाही तसंच वाटत होतं. पण भाऊ म्हणाला, "जड मले हाय ना? मंग मीच नेतो."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भावाला समोर गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. मुलीचं डोकं त्यांच्या मांडीवर, पाय मामाच्या हातात. तिने रडून दवाखाना दणाणून सोडला, मामाची पँट ओली केली. तो हलला नाही. रेघ म्हणजे कीड लागायची सुरुवात होती. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच आम्ही तिला झोपवत होतो.

"पुढे दात ठणकतात, लेकरू जेवत नाही," बाई म्हणाल्या. "पहिला दात आला की, फार तर बाळ वर्षाचं व्हायच्या आत, एकदा दाखवायचं. तुम्ही वेळेवर आलात." त्यांनी दातांना औषधाचा लेप लावला आणि मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घ्यायला शिकवलं. मला तिथेच रडू आलं.

बाटली सुटेपर्यंत पोरीने घर डोक्यावर घेतलं. तेव्हा सासूबाईच तिला खांद्यावर टाकून अंगणात फिरायच्या. त्यांचेही उपकार आहेतच.

आता ती चार वर्षांची आहे. परवा चिखलदऱ्याला तिने भाजलेलं अख्खं कणीस समोरच्या दातांनी कुरतडून खाल्लं. भाऊ शेजारीच बसला होता. मी म्हटलं, "दादा, हे दात तुझ्यामुळे आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "खाऊ दे तिले," म्हणाला, आणि दुसरं कणीस सोलायला घेतलं.