जो थांबा म्हणेल, त्याचा गंज

आंधळगावात माझं मेडिकल स्टोअर आहे. आमच्याकडे मेडिकलवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे आमच्या मोटारसायकल मंडळाची सगळी दुखणी आधी माझ्या काउंटरवर येतात. मलम लावलं की दुखणं चार दिवसांत जातं. त्याचा किस्सा मात्र जात नाही, उलट दर वर्षी त्याला नवीन फांदी फुटते. आता इतके साचलेत की दुकानात औषधं कमी आणि किस्से जास्त!

मंडळ चौघांचं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर देवानंद गुरुजी बदलून आमच्या शाळेत आले. तेच आमचे म्होरके. टिकाराम तलावाची मासोळी विकतो, मुन्ना गाड्या दुरुस्त करतो आणि चौथा मी. धान घरात आलं की दर हिवाळ्यात आमच्या शंभर सीसीच्या चार गाड्या लांब कुठेतरी निघतात.

निघताना गुरुजींच्या शीला वहिनी डबा देतात आणि दर वर्षी तेच विचारतात, "अजी, मागची सीट रिकामीच जाऊन राहिली ना? मी येऊ का?"

गुरुजींचं उत्तरही ठरलेलं. "बायकांची कंबर एवढी टिकत नाही!"

"मंग दिवसभर वाकून धानाचा रोवणा का तुमच्या शाळेनं केला?" असं म्हणून वहिनी आत जातात. पण गाड्या वळेपर्यंत दारातून बघत राहतात, हे मी आरशात पाहिलेलं आहे.

*

पहिली ट्रिप पचमढीची. दर दहा मिनिटांनी कोणीतरी ओरडायचं, "थांबा रे!" कोणाची पाठ, कोणाचा गुडघा, कोणाचं सांगता न येणारं. अंधार पडला तरी आम्ही छिंदवाड्याच्या अलीकडेच!

तिथे गुरुजींनी कायदा केला. आमच्यासोबत खिचडीसाठी ॲल्युमिनियमचं एक मोठं पातेलं असायचं. आमच्या बोलीत त्याला गंज म्हणतात. गाडीवर बांधला की त्याचा काठ सारखा पाठीत रुततो. पेट्रोलला थांबलो तर माफ. नाहीतर जो पहिल्यांदा "थांबा" म्हणेल, त्याच्या गाडीवर गंज! त्यानेच तो घरी नेऊन ठेवायचा आणि पुढच्या ट्रिपला आणायचा. कोणीच "थांबा" म्हटलं नाही, तर आधी ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहणार.

दुसऱ्याच वर्षी टिकारामकडे गंज होता, तर पठ्ठ्याने ताप आल्याचा निरोप पाठवला. गुरुजी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. "गंज ज्याच्या घरी, त्याच्याबिगर ट्रिप निघत नाही!" बिचारा गोधडीतून उठून आला.

*

तेव्हापासून कोणी "थांबा" म्हणेना. जीव गेला तरी चालेल!

एकदा सीमेवरचं बपेरा ओलांडून मध्य प्रदेशात शिरलो. टिकाराम सकाळपासून तीन चहा प्यायलेला. गाडीवर तो नुसता वळवळत होता. अचानक ओरडला, "माही चप्पल पडली!"

सगळे थांबले. टिकाराम चप्पल आणायला मागे पळाला आणि बराच वेळ आलाच नाही. शेवटी हसतमुखाने झुडपामागून उगवला.

"चप्पल रस्त्यावर पडली होती ना गा? मंग झुडपात काय शोधून राहिला होता?" मुन्नाने विचारलं.

"जोडीदारीण!"

गुरुजींनी निकाल दिला की चप्पल पडणं म्हणजे "थांबा" म्हणणं नव्हे. त्यानंतर त्या एका ट्रिपमध्ये आमच्या सात चपला पडल्या. पुढच्या वर्षीपासून बूट सक्तीचे झाले.

*

मुन्ना पडला मेकॅनिक. बूड दुखतं म्हणून त्याने स्कूटरची जुनी ट्यूब हवा भरून सीटवर बांधली आणि वर दुपट्टा टाकला. शिवनीपर्यंत साहेब असे बसलेले की जणू सोफा घेऊनच निघाले.

"डॉक्टर, तुमच्या मलमाची छुट्टी झाली समजा!" मला डोळा मारून म्हणाला.

तेवढ्यात गतिरोधक आला. असा काही आवाज झाला की माझ्याच गाडीचा टायर फुटला असं वाटून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "थांबा!"

बूड त्याचं, ट्यूब त्याची, आणि गंज माझ्या गाडीवर!

*

गुरुजींनी मात्र कधीच "थांबा" म्हटलं नव्हतं. एका पहाटे लाइट नव्हती. मांड्या घासून सोलवटल्या म्हणून त्यांनी माझ्या बॅगेतून खोबरेल तेलाची समजून एक डबी घेतली आणि सढळ हाताने चोळलं. ती डबी कंबरदुखीच्या गरम मलमाची होती.

पाच मिनिटांत गुरुजी गाडीवर उभे! दोन्ही पाय फुटरेस्टवर, डोळ्यांत पाणी, गाडी जोरात.

मी गाडी त्यांच्या बाजूला नेऊन विचारलं, "गुरुजी, थांबायचं का?"

"कायले? मी हवा खाऊन राहिलो!"

पेट्रोल पंप येईपर्यंत ते तसेच हवा खात होते. टाकी भरलेली असूनही ते तिथे थांबले आणि थेट पाण्याच्या नळाकडे पळाले.

*

आणि मग सांची. त्या वर्षी वहिनी हटूनच बसल्या. स्तूप बघायचा, आणि गाडीवरूनच जायचं. शेवटी गुरुजी म्हणाले, "ठीक आहे. पण ही एकच बार. मंग नाव नाही काढायचं!"

वहिनींनी डोक्यावरच्या ओझ्याखाली ठेवतात ती चुंबळ सीटवर ठेवली आणि तिच्यावर ताठ बसल्या. वाटेत त्यांनी गंजाचा कायदा मला दोनदा विचारून घेतला. त्यांच्यासमोर "थांबा" म्हणायची आमची कोणाची हिंमत होईना. स्तूप बघून परत निघालो तरी कोणी तो शब्द काढला नाही. टिकाराम एका कुल्ल्यावर बसलेला, मुन्ना कण्हतोय, आणि गंज माझ्याच पाठीत!

शेवटच्या पंपावर वहिनी सारख्या मागच्या रस्त्याकडे बघत होत्या. मी विचारलं, "वहिनी, कंबर दुखते का?"

"कंबर नाही गा दुखत. घर जवळ येऊन राहिलं."

मोहाडी गेलं. आंधळगावची पाण्याची टाकी दिसायला लागली. आणि मागून खणखणीत आवाज आला, "थांबा!"

चारही गाड्यांचे ब्रेक लागले. गुरुजी घाबरले. "काय झालं? कंबर लागली?"

"कंबर मजेत आहे."

"मंग काहून थांबवलं? घर तर आलं!"

वहिनी उतरल्या, सरळ माझ्या गाडीकडे आल्या आणि गंजाची दोरी सोडायला लागल्या. गंज काढला, पदराने पुसला, पुन्हा गुरुजींच्या मागे बसल्या आणि मांडीवर घट्ट धरला.

"अजी, गंज ज्याच्या घरी, त्याच्याबिगर ट्रिप निघत नाही ना?" त्या म्हणाल्या. "चला आता. काढा गाडी."