फर्मचे मालक

सोमवार सकाळ. रक्कम: सिलिंडरचे नऊशे रुपये. हजर: मी, सौ. आणि दारात घाम पुसत उभा असलेला गॅसवाला.

माझ्या खात्यात दोनशेच रुपये होते. वायरिंगची कामं मी फर्मच्या नावाने घेतो. फर्मच्या खात्यात चाळीस हजार होते, पण त्यातून घरखर्च करायचा नाही, हा माझाच नियम.

"अहो, फर्मचे मालक कोण?" सौ.ने विचारलं.

"मीच."

"मग मागा की त्यांच्याकडे!"

माणूस जगापुढे हात पसरेल, पण स्वतःकडेच पैसे मागताना जीभ रेटत नाही.

"बरं, आपली गॅलरी फर्मच्या वायरींनी भरलीय. तिचं भाडं कुठंय?"

"वहिनींचं बरोबर आहे, साहेब," गॅसवाला म्हणाला.

शेवटी फर्मने सौ.ला गॅलरीच्या भाड्याचे नऊशे रुपये दिले, रीतसर पावती घेऊन, आणि सौ.ने ते गॅसवाल्याला दिले.