म्हशीच्या गळ्यातला पट्टा अन् बायकोचं लुगडं

बायको गेली अन् म्हशीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. रेडकू लावलं की दूध सोडायची, रेडकू ओढून मी हात लावला की सगळं वर घ्यायची. कास भरलेली, पण सड हातात नुसते चिंधीसारखे. दूध आत राहिलं की दगडी होते. कास दगडासारखी सुजते अन् जनावर वाया जातं. बायकोच्या हातची तेवढी एकच जिती चीज घरात उरली होती. लेक फोनवर म्हणायची, जमत नसंल तर विका म्हैस, पुण्याला या. मला विकायची नव्हती.

मग मी बायकोचं लुगडं डोक्यावरून घेतलं. शेवटी शेवटी धार काढताना ती जे नेसायची तेच, न धुतलेलं. आमच्याकडं हे नवीन न्हाई. बाई माहेरी गेली की गडी तिचं लुगडं पांघरून धार काढतो. पण ती बाई परत येत असते.

म्हशीनं लुगड्याला नाक लावलं, फुस्स केलं अन् दूध सोडलं. चुलतभाऊ गोठ्यावरून चालला होता, तो थांबला.

"का रं, पदर घेतला? पाव्हणे येनार हायत का बघायला?"

"येनार हायत. तू नको थांबू. तुझं तोंड बघून म्हैस आटंल."

हसलो तेव्हा. पण रोज धार झाली की लुगड्याची घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवायचो, झाकण गच्च लावून. वास उडू नये म्हणून. तरी उडतच होता. आधी तिच्या मिश्रीचा, चुलीच्या धुराचा वास यायचा. मग त्यात माझाच घाम अन् शेण. म्हैसबी पान्हा सोडायला उशीर लावायला लागली. वास पुरा संपला की काय करायचं? लेकीला काही सांगितलं न्हाई. बापानं आईचं लुगडं पांघरलं, हे लेकीला कसं सांगायचं?

लेक पुण्यात कम्प्युटरच्या कामावर हाय. तिची कंपनी जनावराच्या गळ्यात बांधायचा पट्टा करते. जनावराला ताप आला, रवंथ कमी झालं, की पट्टा मोबाइलवर कळवतो. एक पट्टा घेऊन ती गावी आली. "तुमी एकटे हाव, आबा. म्हशीला काय झालं तर मला तिथं कळंल."

पट्टा बांधला, पण तो लगेच चालू होईना. आधी त्याची नोंद करावी लागते. कंपनीकडून मोबाइलवर टोकन येतं, आकड्यांची अन् अक्षरांची लांब माळ. ते पट्ट्याला द्यायचं. पट्ट्यानं ते दाखवलं की कंपनीचं मोठं मशीन त्याला आपला मानतं. आमच्या गोठ्यात रेंज धड न्हाई, येती-जाती. लेक मोबाइल घेऊन उकिरड्यावर चढली, तोवर टोकनची मुदत संपली.

"मग तेच घाल की परत."

"न्हाई चालत. ते थोड्याच वेळाचं असतंय. अन् एकदा वापरलं की मेलं."

"असलं कसलं नाजूक?"

"मुद्दाम हाय तसं. कुनाच्या हाती लागलं तरी उपेग होऊ नये. न्हाईतर कुनीबी खोटा पट्टा जोडंल, कुत्र्याच्या गळ्यात बांधंल, अन् माझी म्हैस ठणठणीत हाय म्हणंल."

तेवढ्यात तिला कामावरचा फोन आला. पलीकडच्या माणसावर अगदी आईसारखी खेकसली. "टोकन कंटेनरच्या आत का ठेवलंस? चालू करताना बाहेरून द्यायचं, किती वेळा सांगितलं?"

मला चौसाळ्याच्या हायवेवरचे कंटेनर ठाऊक. ती हसली. "तसला न्हाई, आबा. पट्ट्यांची नोंद घेनारं सॉफ्टवेअर एका बंद पेटीत बसवलेलं असतंय. त्या पेटीच्या नकला काढून ठिकठिकाणी चालवतेत. आत टोकन राहिलं तर नकलेबरोबर तेबी जातंय. पेटी जो उघडंल त्याच्या हाती."

"अन् टोकन संपलं की पट्टा बंद पडतो का?" मी विचारलं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"न्हाई. टोकन नुसतं पहिली ओळख पटवायला. एकदा आत घेतलं की पट्ट्याला त्याची सोताची किल्ली मिळती. मग तो तिच्यावरच चालतोय."

नवं टोकन आलं अन् पट्ट्यावर हिरवा दिवा लागला. त्या सांजंला लेकीला चुलतभावाकडं चहाला धाडलं अन् गुपचूप लुगडं पांघरून धार काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी लेक उठायच्या आत धार काढून सरकीची पेंड आणायला चौसाळ्याला गेलतो. परत आलो तर लुगडं अंगणात दोरीवर. पाणी ठिबकत होतं.

"पीठ शोधताना डबा उघडला, आबा. आईचं लुगडं, अन् शेणानं भरलेलं. बघवेना. दोनदा साबण लावला."

"तुला कुनी सांगितलंतं धुवायला? आता म्हशीला काय दाखवू, तुझं टोकन?"

मग सगळं सांगावं लागलं. लेक हसली न्हाई. उठून ओल्या लुगड्यात तोंड खुपसलं. "नुसता साबणाचा वास येतोय," म्हणाली अन् दोरीखाली मटकन बसली. मग म्हणाली, "मी बसते धारंला. माझा आवाज आईसारखा हाय."

"तू उद्या जानार. परवा मी काय करू?"

दिवस मावळायला गोठ्यात गेलो. आपल्याच सदऱ्यात, उघड्या डोक्यानं. रेडकू लावलं, ओढून बांधलं. कास कोमट पाण्यानं धुतली. म्हशीनं मान वळवून मला हुंगलं, पुन्हा हुंगलं. लुगडं शोधत होती. मग पाय आपटला अन् दूध वर घेतलं. लेक दारात उभी. आज सोडलं न्हाई तर उद्याबी न्हाई. मग दगडी. मग बाजार.

बायको धार काढताना म्हशीला गावभरचं सांगायची. कुणाची सून रुसली, कुणाची शेळी व्याली. मला तसलं येत न्हाई.

"ए बाई, ऐक," मी म्हणालो. "ती न्हाई येनार आता."

हे मी तोवर कुणापाशी बोललो नव्हतो. मातीला आलेल्या माणसांपाशीबी न्हाई.

"अंबाजोगाईच्या दवाखान्यातून आनली ती तशीच आनली. आता मीच हाय. लाथ मारायची तर मार."

कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलं. तिची कातडी एकदा थरारली. मी हात कासेवर तसाच ठेवला. मागं लेकीनं नाक ओढलं, पण ती पुढं आली न्हाई.

सड जरा भरल्यासारखा वाटला. लगेच ओढला न्हाई, भ्या वाटत होतं. मग ओढला. चरवीच्या बुडाला धार वाजली. बारीकच होती.

रोजच्यापेक्षा दूध कमीच निघालं. पण उठताना चाचपून बघितली, कास मऊ होती.