दुरुस्तीतली दुरुस्ती

रहिमतपुरात आमच्या शेजारी एक मुलगी राहते. अतिसूक्ष्म कणांच्या जगाचे नियम आरशात पाहिले तर तंतोतंत जुळत नाहीत. तो फरक नेमका किती, हे ती वहीत मांडते. आधी ढोबळ उत्तर, मग त्यात दुरुस्ती, मग त्या दुरुस्तीतही दुरुस्ती. पेन्सिलीला टोक काढताना कोणी बोललेलं तिला चालत नाही. खरा विचार तेव्हाच होतो म्हणे.

तिची पानं मी पडताळतो. गणित मला कळत नाही, पण चिन्हं जुळतात की नाही ते दिसतं. रविवारी सातव्या पानावरचं वजा आठव्यावर अधिक झालेलं सापडलं. तिनं पुन्हा मांडलं, तर तिनं नव्यानं शोधलेला जादा फरक उरलाच नाही. त्याच फरकावरचा तिचा शोधनिबंध छापायला गेला होता आणि त्यावरच तिची नोकरी ठरणार होती.

तिची आई म्हणाली, "आधी नोकरी लागू दे, मग सांग. कुनाला कळतंय?"

"आई, तवर दुसरा कुनी ह्याच्यावर आपलं गणित रचंल की!"

तिनं तिथंच निबंध मागे घेतल्याचं कळवलं. मला अपराध्यासारखं वाटत होतं.

"काका, तोंड पाडू नगा. दुरुस्तीची पुढची पायरी अजून मोजलीच न्हाई. फरक तिथं असंल. उद्या सकाळी येताय न्हवं?"

मी गेलो तेव्हा नवी चार पानं तयार होती.